सव्वाचार इंचांची तालीम

एडिंबराजवळच्या लीथ इथल्या गोल्फरांनी १७४४ साली चांदीच्या क्लबच्या स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. त्यातला पहिलाच नियम आजच्या खेळाडूला चक्रावून टाकणारा आहे: पुढच्या खळग्याकडचा पहिला फटका मारण्यासाठी चेंडू आधीच्या खळग्यापासून एका काठीच्या अंतराच्या आत ठेवायचा. म्हणजे ज्या जागी एक जण वाकून, श्वास रोखून चेंडू खळग्यात ढकलतो आहे, तिथेच दुसऱ्याने सगळ्या अंगाची ताकद लावून फटका हाणायचा. चेंडू उंचावर बसवायला वाळूची लहानशी ढेकळी, म्हणजे टी, लागे. ती वाळू खेळाडू खळग्यातूनच चिमूट चिमूट काढत. सकाळी नीट असलेला खळगा दिवस कलेपर्यंत खोल होई, त्याची कड ढासळे, तोंड रुंदावे. गोट्या खेळताना पोरं टाचेनं करतात त्या खळग्यासारखं त्याचं रूप होई. अशा खळग्याभोवती तीन फुटांवर चेंडू मांडून तोच फटका शंभरदा मारत बसावं, असं तेव्हा कुणाला का सुचलं नसेल, याचं उत्तर त्या वाळूतच आहे. जवळच्या पटचा, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायच्या हलक्या फटक्याचा, सराव आज गोल्फइतकाच जुना वाटतो, पण त्याची कुळी तेवढी मागे जात नाही. ती एकोणिसाव्या शतकापाशी थांबते, आणि माझ्या मते तिचं मूळ खेळाडूच्या हातात नसून जमिनीत आहे.

शब्दही हेच सांगतात. ‘पट’ हे स्कॉटिश बोलीतलं क्रियापद. हलकेच ढकलणं, रेटणं हा त्याचा अर्थ. गोळाफेकीच्या ‘शॉटपुट’मधलं ‘पुट’ त्याचंच भावंड, फक्त उच्चार वेगळा. ‘ग्रीन’ म्हणजे मुळात खळग्याभोवतीची मखमली हिरवळ नव्हे, तर खेळाचं सगळं मैदान. मैदानाची निगा राखणाऱ्याला ‘ग्रीनकीपर’ म्हणतात ते त्यामुळेच. पटिंगसाठी वेगळी जागा असते ही कल्पना नियमात आली तेव्हाही व्याख्या नुसती अंतराची होती: खळग्यापासून वीस यार्डांच्या आतली, अडथळे सोडून उरलेली जमीन. खास पटिंगसाठी तयार केलेला भूभाग, ही आजची व्याख्या विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. ढकलण्याच्या क्रियेला नाव होतं, पण तिच्यासाठी राखलेली, घडवलेली जागा नव्हती.

यावर कुणी म्हणेल, सरावाची कल्पनाच त्या काळी नसेल, त्यात जमिनीचा काय दोष? पण स्कॉटलंडच्या इतिहासात गोल्फचं नाव पहिल्यांदा येतं तेच मुळी सरावाच्या संदर्भात. १४५७ साली दुसऱ्या जेम्सच्या संसदेनं फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली, कारण या खेळांपायी तिरंदाजीचा सराव मागे पडत होता. त्याच कायद्यात प्रत्येक चर्चपाशी तिरंदाजीची निशाणं उभारावीत, लोकांनी रविवारी तिथं जमावं आणि प्रत्येकानं निदान सहा बाण सोडावेत असं फर्मान आहे. ठरलेलं लक्ष्य, ठरलेली जागा, ठरलेली आवर्तनं आणि गैरहजर राहणाऱ्याला दंड, हे सगळं पंधराव्या शतकात लोकांना पुरतं ठाऊक होतं. मग तीच शिस्त गोल्फच्या शेवटच्या तीन फुटांना का लागली नाही? तालमीला दोन गोष्टी लागतात. एक, तीच कृती त्याच अटींत पुन्हा करता आली पाहिजे. दुसरी, चूक झाली तर ती आपलीच आहे हे कळलं पाहिजे. तिरंदाजाचं निशाण या दोन्ही गोष्टी देत होतं. सशांनी आणि मेंढरांनी कुरतडलेल्या गवतावरचा ढासळता खळगा यातलं काहीच देत नव्हता. तिथं चेंडू चुकला तर दोष मनगटाचा, ढेकळाचा की मागच्या खेळाडूनं उपसलेल्या वाळूचा, हे कसं ठरवणार?

हा प्रश्न सोडवण्याजोगा झाला तो लोखंडानं आणि निगराणीनं. मसलबर्गमध्ये १८२९ सालचं, खळगा कापण्याचं एक अवजार आजही जपून ठेवलेलं आहे. त्यानं पडणारा खळगा सव्वाचार इंच रुंद असतो. पुढच्याच वर्षी ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंगनं गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८६०च्या दशकात ओल्ड टॉम मॉरिस सेंट अँड्र्यूजला ग्रीनकीपर म्हणून परतला. त्यानं हिरवळीवर वाळूचा थर देऊन गवत दाट आणि सपाट केलं, आणि पहिल्या फटक्याची जागा पटिंगच्या जागेपासून वेगळी काढली. अखेर १८९१ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबनं सव्वाचार इंच हे माप सगळ्यांसाठी पक्कं केलं. त्या मापामागे कुठलं गहन गणित नव्हतं. पण माप पक्कं होताच गणित शक्य झालं. चेंडूचा मध्य कडेच्या आत राहायचा तर दहा फुटांवरून खळगा जेमतेम एक अंश डावीकडे आणि एक अंश उजवीकडे एवढीच सूट देतो. तीन फुटांवरून ती सूट साडेतीन अंशांच्या जवळपास जाते. शिवाय चेंडू जितका वेगात येईल तितकं खळग्याचं तोंड त्याच्यासाठी आवळतं, कारण कडेवरून गेलेल्या चेंडूला आत पडायला उसंतच मिळत नाही. तालमीला सपाट जमीन लागते, हा नियम जिथं गवतच धरत नाही तिथंही दिसतो. भारतातल्या अनेक कोरड्या मैदानांवर तेल मिसळलेल्या वाळूचे पृष्ठभाग केले जात. त्यांना ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ म्हणत. हिरवा रंग गेला तरी चाले, वाळू मात्र सपाट ओढून घ्यावी लागे.

या कुळकथेतलं सगळ्यात मोलाचं पान बायकांचं आहे, आणि गोल्फच्या इतिहासात ते नेहमी कडेला ढकललं जातं. बायका गोल्फ खेळत नव्हत्या असं नाही. मसलबर्गच्या कोळणींसाठी १८११ च्या नववर्षदिनी स्पर्धा ठेवली होती, आणि बक्षिसांत मासळीची टोपली होती. दिवसभर ओझी वाहणाऱ्या त्या बायकांनी काठी खांद्यावर नेली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. सेंट अँड्र्यूजच्या प्रतिष्ठित घरांतल्या लेकीसुनांचं तसं नव्हतं. हात खांद्यापलीकडे उचलून पूर्ण फटका मारणं त्यांना अशोभनीय ठरवलं गेलं. कॅडींच्या, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या गड्यांच्या, छोट्या मैदानावर त्या पटिंग करत, तर त्याचीही चर्चा होई. मग १८६७ साली त्यांच्यासाठी वेगळा क्लब निघाला, सेंट अँड्र्यूज लेडीज पटिंग क्लब, आणि तिथल्या मुख्य मैदानाला, ओल्ड कोर्सला, लागून उंचवट्याखळग्यांची एक जमीन त्यांना मिळाली. ती आखण्याचं श्रेय ओल्ड टॉम मॉरिसलाच दिलं जातं. तिच्या चढउतारांमुळे लोक तिला ‘हिमालयाज’ म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. ज्यांना लांबचा फटका नाकारला त्यांनी जवळच्या फटक्याचाच अख्खा खेळ केला. पुरुषांच्या फेरीत पट हा प्रत्येक खळग्याचा शेवट असे. दोन पटांच्या मधे शेकडो यार्डांची चाल पडे, आणि हाताला झालेली आठवण तेवढ्यात पुसली जाई. हिमालयाजवर एक पट संपला की दुसरा. लहान अंतराची अचूकता ही स्वतंत्रपणे कमवायची, मोजायची आणि मिरवायची विद्या आहे, हे त्या जमिनीनं पहिल्यांदा इतक्या ठसठशीतपणे दाखवलं.

पण तो खेळ होता, सराव नव्हे, असा आक्षेप इथं रास्त आहे. त्या बायका स्पर्धेसाठी आणि आनंदासाठी खेळत होत्या, फेरीच्या तयारीसाठी नव्हे. जगातलं प्रत्येक सराव-ग्रीन हिमालयाजवरूनच उचललं, असाही माझा दावा नाही. पण कुळी शोधताना हेतूइतकंच रूप पाहावं लागतं. मुख्य मैदानापासून वेगळी जमीन, जवळजवळ असलेले अनेक खळगे, एकच अवजार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा: आज क्लब-हाउसच्या दाराशी सराव-ग्रीन म्हणून जे दिसतं त्याचं सगळं रूप इथं तयार आहे. मिनिगोल्फ हे त्याच घराण्याचं दुसरं, हसरं लेकरू.

व्यावसायिक खेळाडूंमध्ये या विद्येला पहिला ग्रंथकार मिळाला तो मसलबर्गचाच. विली पार्क ज्युनियरच्या वडिलांनी १८६० सालची पहिली ओपन स्पर्धा जिंकली होती. मुलानं ती १८८७ आणि १८८९ साली जिंकली. ज्याला पट जमतो तो कुणालाही पुरून उरतो, हे म्हणणं त्याच्याच नावावर आहे. त्यानं १९२० साली केवळ पटिंगवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याइतकाच बोलका दाखला वॉल्टर ट्रॅव्हिसचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या अमेरिकन गृहस्थानं पस्तिशीच्या आसपास काठी हातात घेतली. लांब मारणं त्याला कधी साधलं नाही, आणि तरी १९०४ साली सँडविचला तो ब्रिटिश हौशी विजेतेपद घेऊन गेला. त्याच्या हातात स्कनेक्टडी पटर होता, म्हणजे पट मारायची काठी, दांडा डोक्याच्या मधोमध बसवलेला. इंग्रजांनी त्या पटरकडे बोट दाखवलं, आणि काही वर्षांनी त्या धाटणीचे पटर ब्रिटनमध्ये बेकायदा ठरले. ती बंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. अचूकता अवजारातून येते, सरावातून नव्हे, असं मानणाऱ्यांचा हा आवडता पुरावा. तो फेटाळून लावता येत नाही. स्कनेक्टडी पटर ज्यानं घडवला तो आर्थर नाइट जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर. पुढे १९५९ साली ‘पिंग’ पटर घडवणारा कार्स्टन सोल्हाइमही त्याच कंपनीतला. त्यानं पटरच्या डोक्याचं वजन टाच आणि टोक या दोन कडांना वाटलं, त्यामुळे चेंडू मधोमध न बसला तरी डोकं कमी वळतं. पण अवजार कमी वळतं म्हणजे चूक कमी शिक्षा भोगते, एवढंच. पटरच्या मुखाची दिशा पहिल्यापासूनच दोन अंश चुकलेली असेल तर उत्तमातला उत्तम पटरही चेंडू इमानेइतबारे चुकीच्या दिशेनंच धाडतो.

सगळ्यात जड आक्षेप आकड्यांचा आहे. १९३५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला जीन साराझेनचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत बाहेर गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्पसननं हिरवळीचा वेग मोजायची एक पन्हाळी बनवली. अमेरिकन गोल्फ संघटनेनं १९७०च्या दशकात ती अधिकृत केली, तेव्हा जमिनीला आकडा मिळाला. मग फटक्यांनाही मिळाला. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या नोंदी पिंजून काढल्या. व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून शंभरातले ९६ पट घालतो, पाच फुटांवरून ७७, आठ फुटांवरून ५०, वीस फुटांवरून १५. पण त्याच अभ्यासात त्यांनी असंही दाखवलं की अव्वल खेळाडू इतरांच्या पुढे जातात त्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच असतो, लांबून ग्रीनवर मारलेल्या फटक्यांचा मात्र त्याच्या दुपटीहून जास्त. मग पटिंगवर एवढा घाम का गाळायचा? सरावाच्या वेळेची वाटणी कशी असावी याबाबत ब्रॉडी बरोबर आहेत, असं मी मानतो. दिवसभर नुसतं पटिंग करणारा आपला वेळ वाया घालवतो. पण तो १५ टक्क्यांचा आकडा, ज्या सगळ्यांनी ही तालीम आधीच केली आहे, त्यांच्यातला फरक सांगतो. तालमीची किंमत तो सांगत नाही. ती किंमत हौशी खेळाडूशी तुलना केली की दिसते: नव्वदच्या आसपास फटके घेणारा पाच फुटांवरच निम्म्यावर घसरतो. आणि वरचेच आकडे पुन्हा पाहा. तीन ते आठ फुटांच्या पट्ट्यात यश शहाण्णवावरून पन्नासावर कोसळतं. वीस फुटांपलीकडे ते मुळातच इतकं थोडं आहे की सुधारायला वाव थोडाच उरतो. कड्याचा सगळ्यात तीव्र उतार लहान अंतरावर आहे, आणि सराव करायचा तो तिथंच.

उरतो तो मनाचा मुद्दा. १९७० साली सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या खळग्यावर डग सँडर्ससमोर जेमतेम तीन फुटांचा पट होता. तो गेला असता तर ओपन त्याची झाली असती. तो चुकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या निकाली फेरीत जॅक निक्लाउस जिंकला. सँडर्सला सराव कमी पडला असं कुणी म्हणणार नाही. हात ऐनवेळी दगा देतो या व्याधीला टॉमी आर्मरनं ‘यिप्स’ असं नाव दिलं, आणि ती थोरामोठ्यांना जडली आहे. सराव खात्री देत नाही, हे मान्यच. पण मन म्हणजे सरावाच्या बाहेरची काही दैवी गोष्ट, हे पटत नाही. कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ साली पट मारणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास मांडला. कुशल खेळाडूची नजर फटक्याआधी चेंडूवर अधिक वेळ स्थिर राहते, कच्च्याची भिरभिरते. नजर ठरवणं शिकवता येतं. दडपणही सरावात आणता येतं. फिल मिकल्सनला जॅक बर्कनं तीन फुटांवरून खळग्याभोवती फिरत सलग शंभर पट घालण्याची सवय लावली. त्यात खरी मेख नव्व्याण्णवाव्या पटमध्ये आहे. तिथे चुकलं की पुन्हा एकपासून, म्हणून शेवटच्या काही पटांना स्पर्धेतल्यासारखीच धडधड असते. नियम करणाऱ्यांनीही सराव टाळायच्या पळवाटा एकेक करून बुजवल्या. सॅम स्नीडची पायांच्या मधून, क्रोकेसारखी मारण्याची पद्धत १९६८ साली गेली. लांब पटरचं टोक छातीला टेकवून हात स्थिर करणं २०१६ साली गेलं.

टायगर वुड्सचा सराव मिकल्सनच्या सरावाहून साधा आहे. पटरचं डोकं जेमतेम जाईल एवढी फट ठेवून दोन टी जमिनीत रोवायच्या आणि त्या फाटकातून, एकट्या उजव्या हातानंही, लहान पट मारत राहायचं. डोकं जरा तिरपं गेलं तर टीला टक्क लागतं आणि चूक तिथल्या तिथं कळते. ही टी लाकडाची. बॉस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी १८९९ साली तिचं पेटंट घेतलं, आणि टीसाठी वाळू लागण्याचं कारणच पुढे हळूहळू उरलं नाही. लीथच्या मैदानावर ज्या टीपायी खळगा रोज ढासळत होता, ती आता खळग्यापासून तीन फुटांवर फाटक होऊन उभी असते.