कार्यक्रमपत्रिकेचा उदय आणि अस्त

गिरणीचा भोंगा आणि नभोवाणीची कार्यक्रमपत्रिका ही एकाच यंत्रयुगाची अपत्ये होत. दोघांनीही हजारो माणसांना एका ठोक्यावर चालावयास लावले. ज्या नांदेडात उस्मानशाही मिल होती, तेथील श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नको.

छापील कार्यक्रमपत्रिका हिंदुस्थानात १९२७ साली आली. तिचे नाव ‘इंडियन रेडिओ टाइम्स’. १९३५ साली तिची ‘इंडियन लिसनर’ झाली आणि १९५८ साली ‘आकाशवाणी’. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्यासाठीचा कार्यक्रम हैदराबादेस ठरे. १९४८ साली मुक्ती मिळाली, १९५० साली निजामाची नभोवाणी आकाशवाणीकडे आली. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९८२ साली दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. राज्यकर्ते बदलले, तरी वेळ ठरविणारा हात दूरचाच राहिला.

तरीही त्या पत्रिकेत एक गुण होता. ती चारचौघांत दिलेले वचन होती. वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून लातूरच्या गंजगोलाईतला हमाल आणि अडत्या, दोघांनाही एकच वेळ कळे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे, तेव्हा ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर गल्ली जमे. पण ती सकाळ मोकळी कोणी केली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. त्या मिळविलेल्या रविवारावरच दूरदर्शनने आपले पान मांडले.

१९९२ साली झी वाहिनी आली. केबलची तार गल्लोगल्ली गेली. शंभर वाहिन्यांची यादी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मावेना, ती पडद्यावरच दिसू लागली. २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि यादीचे कामच संपले. विलायतेतही तीच गत. १९८८ च्या नाताळात बीबीसीच्या ‘रेडिओ टाइम्स’चा अंक एक कोटी दहा लाखांवर खपला होता, तो खप पुन्हा दिसला नाही.

यात गळा काढण्याजोगे काही नाही. रात्रपाळीच्या कामगाराची सोय त्या पत्रिकेने कधी पाहिली नव्हती. आज तो आपल्या सवडीने पाहतो, ऐकतो. हा त्याला मिळालेला न्यायच होय. मात्र कार्यक्रमाची वेळ सुटली, तिच्यामागून सुटीची वेळही सुटू पाहत आहे. दुकानातला नोकर, घरपोच माल पोहोचविणारा पोरगा, हे रविवारीच अधिक राबतात. करमणूक चोवीस तास हाताशी आहे, म्हणून विश्रांती मिळाली असे होत नाही. शिवाय ज्यांची सुटी एका दिवशी येत नाही, त्यांची सभा भरत नाही, आणि ज्यांची सभा भरत नाही, त्यांची मागणी कोणी ऐकत नाही. संघटनेच्या कामात आम्ही हे नित्य पाहतो.

पत्रिका गेली तर जावो. लोखंड्यांचा रविवार मात्र आपण जाऊ देता कामा नये.