राज्यपालांचं सूत्र आणि विट्याचा दवाखाना

आमच्या दुष्काळी भागात राज्यपालांवरचा राग तसा जुना आहे. टेंभू योजनेचं पाणी कधी येणार असं विचारलं, की वर्षानुवर्षं एक उत्तर ठरलेलं असायचं, 'पैसे राज्यपालांच्या सूत्रात अडकलेत.' हे सूत्र म्हणजे काय ते विचारणाऱ्याला माहीत नसायचं, आणि सांगणाऱ्यालाही क्वचितच. मी विट्याचा, त्यामुळे हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ते सूत्र काय आहे ते वाचायलाच बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की त्यात पाण्याच्या शेजारीच दवाखानाही आहे. पाण्यासाठी आम्ही मोर्चे काढले. दवाखान्यासाठी मात्र या सूत्राचं नाव कुणी कधी काढलेलं मला आठवत नाही.

आधी थोडं मागे जाऊया. इंग्रजांच्या काळात खानापूर तालुका, म्हणजे विटा, सातारा जिल्ह्यात होता आणि त्यावर अंमल मुंबईच्या गव्हर्नरचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला जवळजवळ वाटेल ते नियम करायची मुभा दिली. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोल्जर घरात घुसवले. पुढे २२ जूनला काय घडलं ते आपण शाळेत शिकलोय. त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रातून जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावे उभे करता येईनात, म्हणून गोखल्यांना सँडहर्स्टसाहेबांची जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे गव्हर्नरकडे सत्ता होती पूर्ण, आणि त्याला जाब विचारायची सोय नव्हती. उलट विचारणाऱ्यालाच माफी मागावी लागे.

गंमत बघा, याच काळात आमच्या भागातला सर्वांत नावाजलेला दवाखाना गव्हर्नरच्या मुलखात नव्हताच. तो होता मिरजेला, पटवर्धनांच्या संस्थानात. डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं केलं, आणि लांबलांबचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. वाट धरायची ही सवय आमच्या रक्तात तेव्हापासूनची!

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली. १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. आता विटा आणि मिरज एकाच जिल्ह्यात आले. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघालं. कागदावर बघाल तर विट्याच्या माणसासारखा भाग्यवान कोण?

इथेच ते सूत्र येतं. राज्यघटनेचं कलम ३७१ (२) महाराष्ट्राच्या राज्यपालांवर एक खास जबाबदारी टाकण्याची सोय करतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं असावीत, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा आणि विकासखर्चाचा पैसा समन्यायी वाटला जावा, अशी ती जबाबदारी. एरवी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, इथे मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे. कलम १९५६ पासून घटनेत होतं, पण मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांचा त्या कलमात नावाने उल्लेख आहे. दवाखान्याचा नाही. तो 'विकासखर्च' या शब्दाच्या पोटात गृहीत धरायचा.

कोण मागे आहे हे ठरवायचं कसं? त्याचं माप आधीच तयार झालं होतं. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका विषयात राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याचा अनुशेष मोजायचा. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. काम मोठं होतं आणि प्रामाणिक होतं. विदर्भ-मराठवाड्यावरचा अन्याय त्यामुळेच आकड्यांत मांडता आला, आणि तो अन्याय खरा आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण माप जिल्ह्याचं होतं. समजा, एका जिल्ह्यात एका शहराजवळ नऊशे खाटा आहेत आणि बाकी सगळ्या तालुक्यांत मिळून शंभर. हिशेबात त्या जिल्ह्याच्या हजार खाटा. वही बघणाऱ्याला जिल्हा सुखी दिसतो. खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके असे मिरजेच्या सावलीत झाकले जातात. आणि त्यावर सांगली जिल्हा 'उर्वरित महाराष्ट्रा'त, ज्यात मुंबई आणि पुणेही आहेत. सावलीवर आणखी एक सावली. विट्यापासून मिरज पन्नास-साठ किलोमीटर. अडलेल्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता ही सरासरी कशी समजावून सांगायची?

आमच्या भागातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. केरळात राहणारे आमचे एक मामा दसऱ्याच्या पालख्या बघायला गावी आले होते. त्यांना हे सगळं सांगायला लागलो तर म्हणाले, "अरं, तिकडं तालुक्याचं हॉस्पिटल म्हणजे खरंच हॉस्पिटल असतंय. आपल्याकडं तालुक्याला गेलं की म्हणत्यात, मिरजंला न्या." एवढ्या एका वाक्यात त्यांनी फरक सांगून टाकला. तिथे रुग्णालयाचं एकक तालुका आहे.

मार्च २०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यात, इस्लामपूरला, कोरोनाचे रुग्ण एकदम वाढले. त्यांना न्यावं लागलं ते मिरजेलाच. आणि पुढच्याच महिन्यात, ३० एप्रिल २०२० रोजी, विकास मंडळांची मुदत संपली. मुदतवाढ मिळाली नाही. खाटांचा हिशेब ज्या दिवसांत सर्वांत गरजेचा होता, त्याच दिवसांत हिशेब मागायची घटनेतली एक जागा रिकामी झाली. विदर्भ-मराठवाड्यात त्यावर ओरड झाली. आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. मंडळं पुन्हा आणायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला खरा.

सँडहर्स्टला जाब विचारायची सोय नव्हती. आजच्या राज्यपालांसाठी ती सोय घटनेतच लिहून ठेवली आहे. फक्त ती वापरायची तर रागाबरोबर नेमकी मागणी हवी, आणि माझ्या मते ती अशी असावी: आरोग्याचा अनुशेष तालुक्याप्रमाणे मोजा. कुठल्या तालुक्यात किती खाटा, भूलतज्ज्ञ किती, रात्री शस्त्रक्रिया होते की नाही, हा तक्ता दरवर्षी विधानसभेपुढे ठेवा. यात विदर्भाचा घास काढून घेणं नाही. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसालाही तालुक्याचंच माप उपयोगी पडेल.

असो. टेंभूचं पाणी आम्ही मागत राहिलो म्हणून आलं. दवाखाना अजून नीट मागितलेलाच नाही.