रडार पथके, फिरती लष्करी : युद्धकालीन कामगिरीचे संशोधन
वाहनांवरून इष्ट स्थळी नेऊन उभारता येणारी रडार यंत्रणा चालविणाऱ्या सैनिकी तुकड्यांना फिरती रडार पथके म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) शत्रुविमानांची पूर्वसूचना मिळविण्यासाठी व विमानविरोधी तोफांच्या नियंत्रणासाठी त्यांचा व्यापक उपयोग करण्यात आला. तथापि त्यांच्या कामगिरीचा इतिहास लिहिणे अवघड ठरते. पथके लहान असत, त्यांची ठिकाणे बदलत, यंत्रणेविषयी गुप्तता पाळली जाई आणि त्यांच्या नोंदी पुष्कळदा वरिष्ठ दलांच्या दप्तरांत विखुरलेल्या असत. ब्रिटनची या युद्धासंबंधीची बहुतेक सरकारी कागदपत्रे अभ्यासकांना १९७२ मध्ये खुली झाली. कार्यनोंदवह्या, आलेखनपत्रे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका व चौकशी समित्यांपुढील साक्षी ही या संशोधनाची प्रमुख साधने असून ती परस्परांशी ताडून पाहावी लागतात.

या पद्धतीचे महत्त्व हवाई बेटांपैकी ओआहूच्या उत्तर टोकाजवळील ओपाना ठाण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमेरिकी भूसेनेचा एससीआर–२७० हा फिरता संच तेथे नोव्हेंबर १९४१ मध्ये आणण्यात आला. चार वाहनांवर वाहून नेता येणारा हा संच सु. १०६ मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर कार्य करी. ७ डिसेंबर १९४१ रोजी नेमून दिलेली वेळ सकाळी ७ वाजता संपली. परंतु न्याहारीसाठी न्यावयाची गाडी न आल्याने जोसेफ लॉकार्ड व जॉर्ज एलियट यांनी संच चालू ठेवला. ७ वाजून २ मिनिटांनी उत्तरेस सु. २१० किमी. अंतरावर विमानांचा मोठा समूह आढळला. त्यांनी फोर्ट शाफ्टर येथील माहिती केंद्रास दूरध्वनीने तसे कळविले. कॅलिफोर्नियाहून अपेक्षित असलेली बी–१७ विमाने येत असावीत, असे समजून लेफ्टनंट कर्मिट टायलर यांनी ही सूचना पुढे पाठविली नाही. ७ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास पर्ल हार्बरवर हल्ला सुरू झाला.

एका अधिकाऱ्याच्या दुर्लक्षामुळे अनर्थ ओढवला, अशी समजूत यातून रूढ झाली. कागदपत्रांवरून मात्र निराळे चित्र दिसते. केंद्रातील बहुतेक कर्मचारी ७ वाजता निघून गेले होते. टायलर यांना या कामाचा अनुभव जवळजवळ नव्हता. आपली व परकी विमाने ओळखण्याची व्यवस्था नव्हती आणि नौदलाचा संपर्क अधिकारीही तेथे नव्हता. म्हणजे यंत्राने आपले कार्य केले; उणीव होती ती मिळालेल्या माहितीचा अर्थ लावून ती योग्य स्थळी पोहोचविणाऱ्या संघटनेत.

आलेखनपत्राने आणखी एक बाब उजेडात आणली. हल्ल्यानंतर उत्तरेकडे परतणाऱ्या विमानांचा मार्गही ओपाना येथे नोंदला गेला होता. पण ही माहिती नौदलास वेळेवर मिळाली नाही आणि जपानी ताफ्याचा बराचसा शोध दक्षिणेकडे घेण्यात आला. अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीने १९४५-४६ मध्ये घेतलेल्या साक्षी ३९ भागांत प्रसिद्ध झाल्यामुळे या घटनाक्रमाची छाननी करणे शक्य झाले. साक्षींतील अंतराच्या आकड्यांत थोडी तफावत आढळते. अशा वेळी नंतरच्या स्मरणापेक्षा त्या क्षणी केलेली नोंद अधिक ग्राह्य मानतात. ओपाना ठाण्याच्या जागेस १९९४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला.