संधान (बाणाची टेक)

संधान : दोरीला बाण लावून तो धनुष्याच्या मुठीजवळ ठरलेल्या जागी टेकवण्याची क्रिया. या नोंदीत त्या जागेचा, म्हणजे बाणाच्या टेकेचा, मुख्यतः विचार केला आहे. पाश्चात्त्य घडणीच्या आजच्या लाकडी धनुष्यांत मुठीच्या वरच्या अंगाला खाच कोरून लहानसा कट्टा केलेला असतो आणि बाण त्यावर टेकतो. वेळू, लाकूड किंवा शिंग यांच्या जुन्या भारतीय धनुष्यांना सामान्यतः असा कट्टा नसे. बाण टेके तो धनुर्धराच्या धनुष्य धरलेल्या हातावरच. त्यामुळे संग्रहालयातले धनुष्य कितीही निरखले तरी बाणाची जागा त्यावरून ठरत नाही. ती ग्रंथांतून शोधावी लागते, आणि ग्रंथ सुदैवाने बोलके आहेत.

वाराणसीशी संबंध : पाली जातककथांत धनुर्विद्येचे जे तपशील येतात, त्यांतले दोन महत्त्वाचे संदर्भ वाराणसीचे आहेत. असदिसजातकाचा नायक वाराणसीच्या राजाचा मुलगा. तक्षशिलेला विद्या शिकून आलेला हा असदिस आपले मेंढ्याच्या शिंगाचे जोडीचे धनुष्य प्रसंगी जुळवतो, त्याला पोवळ्याच्या रंगाची दोरी चढवतो आणि आंब्याचा घोस बाणाने खाली पाडतो. सरभंगजातकातला ज्योतिपाल हा वाराणसीच्या राजपुरोहिताचा मुलगा. राजासमोर कौशल्य दाखवण्याआधी तो बाण नखावर ठेवून फिरवतो, असा उल्लेख तिथे आहे. कथेच्या ओघात वाचक हे वाक्य सहज ओलांडून जातो. प्रस्तुत लेखकाला मात्र ते सगळ्या चमत्कारांहून मोलाचे वाटते. बाणाची काडी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी तो नखावर गरगर फिरवण्याची रीत धनुर्धरांत आजही आहे. वाकडा बाण कितीही चांगल्या टेकेवर ठेवला तरी भरकटणारच. हा तपशील ज्याने कथेत घातला त्याने खरा धनुर्धर जवळून पाहिला असला पाहिजे.

वाराणसीतील भारत कला भवनात (स्थापना 1920) गुप्तकालीन सुवर्णनाणी आहेत. गुप्त राजांच्या ‘धनुर्धर’ प्रकारच्या नाण्यांवर राजा डाव्या हातात धनुष्य घेऊन उभा असतो. बाण हाती असला तरी तो दोरीवर चढवलेला नसतो, त्यामुळे संधानाच्या अभ्यासाला ही नाणी फारशी उपयोगी पडत नाहीत. वाराणसीजवळच्या रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते. तिच्यातले धनुष्य पूजेचे आहे, नेमबाजीचे नव्हे.

ग्रंथांतील विचार : धनुर्वेदाची माहिती अग्निपुराणाचे धनुर्वेदविषयक अध्याय, वासिष्ठ धनुर्वेदसंहिता आणि शार्ङ्गधरपद्धती (1363) यांत मिळते. शार्ङ्गधरपद्धतीची पीटर पीटरसन यांनी संपादित केलेली आवृत्ती 1888 मध्ये मुंबईत छापली गेली. दोरी ओढणाऱ्या हाताच्या पाच मुष्टी सांगितल्या आहेत : पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी. पाचही व्याख्या अंगठा आणि तर्जनी यांच्या परस्पर जागेवरून केलेल्या आहेत. धनुष्य धरणाऱ्या मुठीच्या संदर्भात संधानाचे तीन प्रकार येतात. अधःसंधान लांब पल्ल्यासाठी, समसंधान स्थिर लक्ष्यासाठी, ऊर्ध्वसंधान कठीण वस्तू भेदण्यासाठी. ही वर्गवारी मुठीच्या पातळीवरून मानायची की बाणाच्या रोखावरून, याची दोन्ही वाचने होऊ शकतात. ग्रंथकाराने ती धनुर्मुष्टीखाली घातली असल्याने येथे पहिला अर्थ स्वीकारला आहे.

पिसांविषयीचे नियमही टेकेशी जोडूनच वाचले पाहिजेत. बाणाला चार पिसे, प्रत्येक सहा अंगुळे लांब, स्नायूच्या तंतूंनी घट्ट बांधलेली असावीत. शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळांची. हातावरून बाण सुटतो तेव्हा पिसे मुठीला घासून जातात. पीस दबते आणि पुन्हा उभे राहते. ताठ प्लॅस्टिकचा पंख दबत नाही, तो बाणाला ढकलतो. शिवाय पिसाच्या कण्याचे पुढचे टोक नीट बांधलेले नसेल तर ते हातात घुसते.

डावी बाजू, उजवी बाजू : उजव्या हाताने दोरी ओढणारा धनुर्धर अंगठ्याने ओढत असेल तर बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला, डाव्या अंगठ्यावर टेकतो, बोटांनी ओढत असेल तर डाव्या अंगाला, तर्जनीच्या पेरावर. कारण साधे आहे. ओढताना दोरीला जो किंचित पीळ बसतो, त्याने बाण धनुष्याला चिकटून राहायला हवा. उलट्या बाजूला ठेवला तर तो ओढतानाच हातावरून निसटतो. मोगल काळात अंगठीच्या साहाय्याने अंगठ्याने ओढण्याची रीत होती. सातपुड्यातले भिल्ल तर्जनी आणि मध्यमा यांनी दोरी ओढतात. अंगठा न वापरण्याचा संबंध एकलव्याशी जोडला जातो. भिल्लांच्या वेळूच्या कामठ्याला दोरीही वेळूच्याच चिवटीची असते.

टेक बसवणे : हातावरची टेक ‘बसवायची’ म्हणजे मूठ दर वेळी त्याच जागी यायची. त्यासाठी मुठीवर धाग्याची खूण करतात आणि दोरीवर बाणाच्या खाचेची जागा धागा गुंडाळून पक्की करतात. ही जागा काटकोनाच्या रेषेपेक्षा थोडी, काही मिलिमीटर, वर घेतात, म्हणजे बाणाचे शेपूट हातावर आपटत नाही. कोरलेला कट्टा असेल तर तो सपाट ठेवू नये. त्याला किंचित कुबड द्यावे, कुबडाचा उंचवटा मुठीच्या सर्वांत खोलगट भागाच्या बरोबर वर यावा, आणि त्यावर पातळ चामडे लावावे. बाण जितक्या कमी जागेला स्पर्श करील तितका तो मोकळा सुटतो.

दोरी सुटल्यावर धनुष्याच्या मध्याकडे येते, बाण मात्र मध्याच्या बाजूला असतो. तरीही तो सरळ जातो, कारण सुटताना त्याची काडी लवते आणि धनुष्याला वळसा घालून निघते. याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ म्हणतात. क्लॅरेन्स हिकमन यांच्या 1930 च्या दशकातील अतिवेगवान छायाचित्रणात हे लवणे प्रत्यक्ष दिसले. म्हणून काडीचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो. तो जुळला नाही तर टेक कितीही बदलली तरी दोष जात नाही.

नालीक आणि नावक : लहान हलके बाण नळीच्या यंत्रातून सोडावेत, उंच व दूरच्या माऱ्यासाठी आणि दुर्गयुद्धात ते उपयोगी, असे वरील ग्रंथांत नालीक बाणांविषयी सांगितले आहे. काहींनी यात बंदूक पाहिली. धनुष्याला जोडलेली पन्हळ हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो, कारण फारसी परंपरेतील नावक नेमके तेच आहे : पन्हळीतून आखूड बाण पूर्ण ओढीने सोडायचा. ही फिरती टेकच होय. बिहारीच्या सतसईतील दोह्यांना नावकाच्या बाणांची उपमा देणारा एक हिंदी दोहा प्रसिद्ध आहे. 

आधुनिक साधने : स्प्रिंगची टेकणी, चुंबकी टेक इत्यादी साधने स्पर्धेतील आधुनिक धनुष्यांत वापरतात.