अ‍ॅडब्लॉकर एक्स्टेन्शन : कार्यक्षमतेची तुलना

वेबपानावरील जाहिराती आणि वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणाऱ्या ब्राउझर-एक्स्टेन्शनांची (अ‍ॅडब्लॉक प्लस, यूब्लॉक ओरिजिन, घोस्टरी इ.) कार्यक्षमता बहुधा दोन आकड्यांवरून जोखली जाते : एक्स्टेन्शन स्वतः किती मेमरी खाते आणि त्याच्या चिन्हावर अडवलेल्या गोष्टींची किती संख्या दिसते. दोन्ही आकडे फसवे आहेत, दुसरा तर फारच. जाहिरात आणणारी मूळ स्क्रिप्ट दारातच अडवली, की तिने पुढे पाठवल्या असत्या त्या विनंत्या निघतच नाहीत आणि मोजणी एकवर थांबते. तीच स्क्रिप्ट आत सोडून तिच्यामागून येणाऱ्या वीस विनंत्या अडवणारा अ‍ॅडब्लॉकर मात्र वीसचा आकडा मिरवतो. काही स्क्रिप्ट तर अडवलेली विनंती पुनःपुन्हा पाठवत राहतात, त्यामुळे संख्या नुसतीच फुगते. खरी तुलना करायची तर पान उघडण्याचा वेळ, उतरलेला डेटा, प्रोसेसरवरचा भार आणि ब्राउझरची एकूण मेमरी ही मापे एक्स्टेन्शन चालू असताना आणि बंद असताना अशी दोन्ही वेळा घ्यावी लागतात. तशी ती घेतली, की ‘अ‍ॅडब्लॉकरमुळे ब्राउझर मंदावतो’ हा समज सहसा टिकत नाही.

या समजाला जानेवारी 2019 मध्ये मोठे बळ मिळाले. क्रोमच्या एक्स्टेन्शन-व्यवस्थेचा ‘मॅनिफेस्ट व्ही3’ हा नवा आराखडा तेव्हा चर्चेत आला. प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनला दाखवून तिचा निर्णय होईपर्यंत थांबण्याची जुनी पद्धत वेगाला मारक आहे, असे त्याच्या समर्थनार्थ सांगितले गेले. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे, कारण काय अडवायचे हे सांगणाऱ्या ईझीलिस्टसारख्या यादीत हजारो नियम असतात. पण हे नियम कोणी ओळीने वाचत बसत नाही. पत्त्यातील शब्दांवरून अनुक्रमणिका केलेली असते आणि एका विनंतीसाठी मोजकेच नियम तपासावे लागतात. फेब्रुवारी 2019 मध्ये घोस्टरीने दोन लाखांहून अधिक विनंत्यांवर केलेल्या चाचणीत, डकडकगोच्या एक्स्टेन्शनचा अपवाद वगळता, तपासलेल्या सर्व अ‍ॅडब्लॉकरांचा मध्यक निर्णयकाळ एका मिलिसेकंदाच्याही आत निघाला. चाचणी घेणारा स्वतःच स्पर्धक होता आणि निकालात पहिलाही तोच आला, हा आक्षेप रास्तच आहे. तो क्रमवारीपुरता मान्य करावा. क्रोमच्या दाव्याला त्याचा आधार मिळत नाही. बोर्गोल्ट आणि फीमस्टर या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वतंत्र अभ्यासातही अशा एक्स्टेन्शनांसह ब्राउझरची कामगिरी एक्स्टेन्शनविना असते तितकीच किंवा तिच्याहून सरस आढळली.

मग फरक पडतो कुठे? मुख्यतः पानावरील रिकाम्या चौकटी लपवण्याच्या कामात. मोझिलाचे निकोलस नेदरकोट यांनी 2014 मध्ये दाखवून दिले, की अ‍ॅडब्लॉक प्लस तेव्हा हजारो सिलेक्टरांची एक अवजड स्टाइलशीट प्रत्येक पानात आणि पानातील प्रत्येक आयफ्रेममध्ये घालत असे. दर आयफ्रेममागे सुमारे 4 एमबी. शेकडो आयफ्रेम असलेल्या एका पानाला एरवी सुमारे 370 एमबी पुरत होते, तिथे एक्स्टेन्शनसह जवळजवळ 1,960 एमबी लागले. पुढच्याच वर्षी फायरफॉक्स 41 मध्ये या स्टाइलशीटची एकच प्रत सर्वांना वापरता येऊ लागली. म्हणजे दोषातला काही वाटा ब्राउझरचाही होता. रेमंड हिल यांच्या यूब्लॉक ओरिजिनने वेगळी वाट धरली : पानात प्रत्यक्ष असलेली क्लास व आयडी नावे आधी गोळा करायची आणि लागू पडणारे नियमच आत घालायचे. एखादी आवृत्ती बिघडली तरी निष्कर्ष कसे उलटेपालटे होतात, ते जानेवारी 2024 मध्ये दिसले. यूट्यूब मंद झाल्याचा दोष लोकांनी यूट्यूबला दिला. प्रत्यक्षात तो अ‍ॅडब्लॉक आणि अ‍ॅडब्लॉक प्लस यांच्या ताज्या आवृत्त्यांतला निघाला.

याद्या सारख्या नसतील तर तुलनेला अर्थ उरत नाही. अ‍ॅडब्लॉक प्लसमध्ये 2011 पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ मुळातच चालू असतात, तर यूब्लॉक ओरिजिन माग काढणाऱ्यांविरुद्धची ईझीप्रायव्हसीही सोबत आणतो. त्यामुळे तयार स्थितीतील दोघांची मोजणी म्हणजे बव्हंशी याद्यांचीच मोजणी. जास्त याद्या म्हणजे जास्त भार, हेही सरसकट खरे नाही. मराठी वृत्तस्थळांवरील स्थानिक जाहिरातींसाठी भारतीय भाषांची ‘इंडियनलिस्ट’ जोडली तर मेमरी थोडी वाढते, पण पान हलके होऊन ती भरून निघू शकते. जिथे यादी लागूच पडत नाही तिथे ती निव्वळ ओझे.

यूब्लॉक ओरिजिन लाइट ही मॅनिफेस्ट व्ही3साठीची आवृत्ती मेमरीच्या मापात निःसंशय वरचढ आहे, कारण नियम ताडून पाहण्याचे काम ब्राउझरच करतो आणि एक्स्टेन्शनची प्रक्रिया सतत जागी ठेवावी लागत नाही. त्याची किंमत मात्र मेमरीच्या तक्त्यात दिसत नाही. मूळ यूब्लॉक ओरिजिनमधील काही प्रकारचे नियम तिथे बसत नाहीत आणि याद्या बहुतांशी एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच ताज्या होतात. फायरफॉक्सवरील पूर्ण आवृत्ती ब्राउझर सुरू होताना याद्या तयार होईपर्यंत विनंत्या थोपवून धरते, आणि संकेतस्थळाच्याच उपडोमेनआड लपलेला माग काढणारा सर्व्हरही ओळखते. पान उघडण्याचा वेळ मोजणाऱ्या चाचणीत ही थोपवलेली घटका तिच्या खाती तोटा म्हणून जमा होते.