ठाण्याला पाठवा!

आमच्या डोंबिवलीत कुणी जरा विचित्र बोललं की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची पद्धत. लोकलने अर्धा तास, पण मनाने फार लांबचं ठिकाण! ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात तिथला माणूस 'लुनॅटिक', म्हणजे वेडा होता. १९८७ च्या कायद्याने तो 'मनोरुग्ण' झाला. शब्द बदलला, विनोद तसाच राहिला.

मग २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णींनी केलेला कोकणातला शेष, स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला. त्याच्या मनात वाढत गेलेली देवराई अंधारात बसलेल्या आपल्याभोवतीही दाटून येते. बाहेरून बघणारे आपण त्याच्या डोक्यात जाऊन पोचतो.

भास म्हणजे थाप नव्हे. नसलेला आवाज येतो तेव्हा मेंदूतला ऐकण्याचा भाग खरोखर जागा झालेला असतो. 'असं काही नाही' म्हटल्याने तो थांबत नाही.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाला आवाज ऐकू यायचे. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. डॉक्टर दोन वर्षांनी. तेवढ्यात शाळा सुटली ती सुटलीच.

म्हणून नातवंडांनो, तो विनोद आता पुरे. त्यापेक्षा जवळ बसून विचारा, 'काय ऐकू येतं रे तुला?'