काडतूस, सौम्य भाराचे
रिव्हॉल्व्हरच्या जबर काडतुसाची वापरलेली पुंगळी कमी दारूने पुन्हा भरून केलेले काडतूस. याचा इतिहास काहीसा उफराटा आहे. अमेरिकेतील एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनी १९०७ सालच्या .४४ स्पेशल काडतुसात वाढीव दारू हाताने भरण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. त्यांच्या आग्रहातून १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम काडतूस व त्याचे रिव्हॉल्व्हर आले. जुन्या, दुबळ्या हत्यारात ते शिरू नये म्हणून त्याची पुंगळी सु. ३ मिमी. अधिक लांब ठेवली गेली. मात्र त्याचा धक्का पुष्कळांच्या मनगटाला सोसेना. तेव्हा हौशी नेमबाज त्याच लांब पुंगळीत स्पेशलइतकाच भार भरू लागले. आखूड स्पेशल काडतूसही मॅग्नममध्ये चालते, पण त्याच्या काजळीचे कडे कोठीत साचून पुढे लांब पुंगळी बसेनाशी होते. सौम्यतेलाही मर्यादा आहे : दारू फारच कमी पडल्यास गोळी नळीतच अडकते आणि ते ध्यानात न आल्यास पुढच्या बाराने नळी फुटू शकते.